वीस रुपयांची चारोळी

शीरखुर्मा हे नाव फारसी आहे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावात शेवया कुठेच नाहीत, तरी त्यांच्याशिवाय आपल्याकडे ईद होत नाही. शेजारच्या घरातून आलेल्या वाटीत बारीक शेवया, खारकेचे काप, बदाम, पिस्ते दिसतात आणि मध्येच दाताखाली चारोळी येते. आमच्या जुन्या पेठेत हे सगळं एकाच किराणा दुकानात मिळतं.

दुकान वाणी कुटुंबाचं, गल्ल्यावर तिसरी पिढी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तसा शेठ मालही बदलतात. उन्हाळ्यात रोजे आले की सब्जा आणि सरबताच्या बाटल्या पुढे येतात, थंडीत आले की सुंठ आणि खसखस. चांद्रमासाचा हा हिशेब माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना पक्का ठाऊक आहे!

पण या दुकानाची खरी ओळख म्हणजे तिथला सुटा माल. चारोळीचा भाव किलोला हजाराच्या वर. मोठ्या दुकानात तिचं सीलबंद पाकीट घ्यावं लागतं. इथे एखादी खाला येते आणि म्हणते, "सेठ, बीस की चिरोंजी देव." शेठ छोट्या काट्यावर चमचा-दीड चमचा तोलून कागदाची पुडी बांधतात. एका पातेल्याला तेवढी पुरते. मागे उभ्या असलेल्या किलोच्या गिऱ्हाइकासाठी तिला कधी घाई केलेली मी पाहिलेली नाही.

सत्ताविसाव्या रोज्यानंतर अशा पुड्या वाढतात. त्याला कारण आहे फित्रा. ऐपत असलेल्यानं घरातल्या प्रत्येकामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, सुमारे दोन किलो गहू किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजाआधी गरजूला द्यायची असते. ईदच्या दिवशी कुणावर हात पसरायची वेळ येऊ नये, हा हेतू. तो पैसा मोहल्ल्यात फिरतो आणि त्यातला बराचसा याच गल्ल्यावर येतो. मग साहेबांच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पातेल्यात चारोळी एकाच डब्यातली पडते.

शेठचा मुलगा म्हणतो, पुड्या बांधायला माणूस मिळत नाही, पुढच्या वर्षापासून सगळं पाकिटात ठेवू. त्याचंही खोटं नाही. वीस रुपयांच्या पुडीत नफा किती आणि वेळ किती जातो, हे समोर दिसतं. पाकीट स्वच्छ असतं, हेही मान्य. पण वीस रुपयांचं पाकीट कोण काढणार? मी हे त्याला विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, "सर, ते अब्बांना विचारा." वडिलांना अब्बा म्हणायचं तो या गल्लीतच शिकला.

शेठनी अजून होकार दिलेला नाही. चांदरातीला दुकान उशिरापर्यंत उघडं असतं. खारीक मात्र आधीच नेऊन ठेवा, ती रात्रभर भिजावी लागते.