अमरावती : सत्तांतराबरोबर हेलकावणारी राजधानी

२०१४ साली आंध्र प्रदेशचे विभाजन होऊन हैदराबाद तेलंगणाच्या वाट्याला गेल्यावर मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी कृष्णाकाठची अमरावती (अर्थात विदर्भातील नव्हे) नवी राजधानी म्हणून निवडली आणि तिच्यासाठी सुमारे ३३,००० एकर जमीन ‘लँड पूलिंग’ने, म्हणजे शेतकऱ्याने जमीन सरकारकडे सोपवून मोबदल्यात विकसित भूखंड व ठरावीक वर्षे वार्षिक रक्कम घेण्याच्या पद्धतीने, मिळवली. २०१९ मध्ये सत्ता पालटताच जगनमोहन रेड्डी सरकारने विशाखापट्टणम, अमरावती आणि कर्नूल अशा तीन राजधान्यांची योजना पुढे आणली. बांधकामे थंडावली आणि या शहराचे खरे पहिले गुंतवणूकदार असलेले शेतकरीच आंदोलनाला बसले. २०२४ मध्ये नायडू सत्तेवर परतले आणि अमरावतीच्या कामांना पुन्हा गती मिळाली.