शर्यतीतील चाबूक

‘चाबूक’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्या भाषेत त्याचा एक अर्थ ‘चपळ’ असाही आहे. साधनाचे नाव आणि त्याच्याकडून अपेक्षिलेला परिणाम यांची अशी गल्लत शब्दातच झालेली असावी, ही गोष्ट मोठी सूचक आहे. कारण अश्वशर्यतींच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षे चाललेला वाद याच समीकरणाविषयी आहे. चाबकाने जनावर खरोखरच चपळ होते काय, आणि होत नसल्यास तो कशासाठी मारावयाचा?

सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. सांगोले, मंगळवेढे, पंढरपूर हा खिलार बैलांचा मुलूख होय. गाड्यांच्या शर्यतीत जुंपला जाणारा बैल बहुधा याच जातीचा असतो. त्याला पळविण्याची जुनी साधने म्हणजे आसूड आणि टोकाला लोखंडी आर बसविलेली पराणी. ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी अणकुचीदार काठीचा वापर निषिद्ध ठरविला. परंतु शर्यतीच्या मैदानात तो निषेध कितपत पोहोचला, हे सांगावयास नकोच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात आपल्यापुरती दुरुस्ती केली; १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने या शर्यतींना सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या व्यवस्थेनुसार धाव १००० मीटरांहून अधिक नसावी आणि गाडीवानाने चाबूक, काठी अगर विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये. बैलांना क्लेश देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

येथे एक विसंगती उभी राहते. ज्या राज्यात सांगोल्याच्या गाडीवानास हातात काठी धरण्याची मुभा नाही, त्याच राज्यात महालक्ष्मी व पुणे येथील मैदानांवर अश्वारोहकाच्या हातात चाबूक असतो. अतिरेक केल्यास त्यास दंड होतो, इतकेच. १९६० चा अधिनियम तर बैल आणि घोडा या दोघांनाही सारखाच लागू आहे. २०१४ च्या निर्णयात बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी घडलेली नाही, या मुद्द्यास महत्त्व होते. तो मुद्दा मान्य केला तर उलट असे म्हणता येईल की, जे जनावर निसर्गतःच धावण्यासाठी घडले आहे त्यास मारून धावविण्याची गरज अधिक नव्हे, कमीच असावी.

अश्व हा कळपाने राहणारा आणि भयाची चाहूल लागताच पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. पुढे पळणाऱ्याच्या मागे पळणे त्याच्या स्वभावातच असते. आषाढी वारीत याच जिल्ह्यातील पुरंदावडे, खुडूस, वाखरी येथील रिंगणांत हे प्रतिवर्षी दिसते. पताका घेतलेल्या स्वाराचा अश्व पुढे धावतो आणि त्यामागे माउलींचा अश्व. या दुसऱ्या अश्वाच्या पाठीवर स्वारच नसतो, मग फटका कोण मारणार? रिंगण ही अर्थातच शर्यत नव्हे. तेथे पैज नाही, की अंतिम रेषा नाही. तथापि धावण्याची प्रेरणा कोठून येते, या मर्यादित प्रश्नास ते उपयुक्त उदाहरण आहे.

शर्यतीतील फटका बहुधा शेवटच्या ४०० मीटरांत पडतो. ऑस्ट्रेलियातील इव्हान्स व मॅकग्रीवी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच शर्यतींतील ४८ अश्वांच्या धावेचे टप्प्याटप्प्याने मापन केले. सर्वाधिक वेग आढळला तो अंतिम रेषेपूर्वीच्या ६०० ते ४०० मीटरांच्या टप्प्यात, म्हणजे चाबूक उगारण्यापूर्वी. पुढे अश्व थकत गेला, वेग उतरत गेला आणि फटके मात्र वाढत गेले. चाबकाचा वापर आणि अंतिम क्रमांक यांत संबंध दिसला नाही. थकलेल्या स्नायूंना फटक्याने नवे बळ मिळत नाही, असा याचा अर्थ होतो. पाच शर्यतींचा नमुना लहानच म्हणावा लागेल. पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. घोड्याची कातडी जाड, त्यास काय कळते, हा युक्तिवादही आता टिकत नाही. २०२० मधील एका सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात मनुष्य व अश्व यांच्या बाह्यत्वचेची जाडी आणि तीतील मज्जातंतूंच्या टोकांची संख्या यांत लक्षणीय भेद आढळला नाही.

चाबकाच्या समर्थकांचा खरा आधार वेग हा नाहीच. बिथरलेला अश्व आवरणे, त्यास सरळ मार्गावर ठेवणे आणि स्वाराने पूर्ण प्रयत्न केल्याची पैज लावणाऱ्यास खात्री पटविणे, ही तीन कारणे ते पुढे करतात. यांतील शेवटचे कारण अश्वाच्या नव्हे, प्रेक्षकाच्या सोयीचे आहे. पहिल्या दोहोंस मात्र वजन आहे. ब्रिटनमधील १२६ शर्यतींच्या २०२० मधील तुलनेत ६७ शर्यती चाबूक न मारता झालेल्या होत्या. पंचांच्या अहवालांवरून त्यांत मार्गभ्रंश अथवा अडथळे अधिक झाल्याचे दिसले नाही. नॉर्वेने १९८२ मध्येच वेगासाठी चाबूक मारणे बंद केले, स्वीडनने २०२२ मध्ये.

ब्रिटनने मध्यममार्ग पत्करला. तेथे २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. ती चार वा अधिक फटक्यांनी ओलांडल्यास अश्वच बाद ठरतो. ही गणना चित्रफीत पुनःपुन्हा पाहूनच करावी लागते. गाडीवानाच्या हातात काठी आहे की नाही, हे मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणासही दिसते.