रुग्णालयाच्या खर्चासाठी उपलब्ध असणारे अर्थसाहाय्य : सांगली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

आजारपण हे कोणत्याही कुटुंबावरील संकटच असते. परंतु अल्प उत्पन्न असणाऱ्या कुटुंबावर ते दुहेरी संकट बनून येते. एकीकडे रुग्णाच्या जीविताची काळजी आणि दुसरीकडे रुग्णालयाच्या बिलाची चिंता, अशा कात्रीत घरातील कर्ता माणूस सापडतो. हाताशी असलेली शिल्लक संपते, दागिने गहाण पडतात, सावकाराचे कर्ज काढले जाते आणि प्रसंगी जमिनीचा तुकडा विकला जातो. रुग्ण बरा होऊन घरी येतो. पण कुटुंब मात्र पुढील कित्येक वर्षे आजारीच राहते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही घट समाधानकारक असली, तरी सरासरीचा आकडा रुग्णशय्येजवळ बसलेल्या माणसाला दिलासा देत नाही. त्याला हवी असते ती माहिती : मदत कोठे मिळते, कोणाला मिळते आणि मुख्य म्हणजे ती केव्हा मागावी लागते. या तीन प्रश्नांचा विचार सांगली जिल्ह्याच्या संदर्भात करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

सांगली-मिरजेची वैद्यकीय परंपरा :

मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र म्हणून शतकाहून अधिक काळ ओळखले जाते. डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरज दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मिरजेचे शासकीय रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही दोन्ही या महाविद्यालयाशी संलग्न आहेत. याशिवाय विश्वस्त संस्थांची आणि खाजगी रुग्णालयेही येथे मोठ्या संख्येने आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून, शेजारच्या सातारा, कोल्हापूर व सोलापूर जिल्ह्यांतून, तसेच कर्नाटकातील सीमाभागातूनही रुग्ण येथे येतात. म्हणजेच उपचारांची सोय जवळ आहे. प्रश्न आहे तो त्या सोयीपर्यंत पोहोचण्याच्या ऐपतीचा.

अर्थसाहाय्याचे प्रमुख मार्ग :

१) महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना : या योजनेचा उगम २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत आहे. त्या आठ जिल्ह्यांत सांगलीचा समावेश नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि सांगलीकरांना तिचा लाभ मिळू लागला. २०१७ मध्ये योजनेचे नामांतर झाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबविली जाऊ लागली.

सुरुवातीच्या काळात पिवळी व केशरी शिधापत्रिका असणारी कुटुंबेच योजनेस पात्र होती. शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलत मिळाली, ती मराठवाडा व विदर्भातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याची शिधापत्रिका शुभ्र असेल, तर दुष्काळ तोच असूनही तो योजनेबाहेर राहत असे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही भिंत दूर झाली. १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना प्रत्यक्षात आली. त्यानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना शिधापत्रिकेच्या रंगाचा विचार न करता प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पूर्वीची मर्यादा दीड लाख रुपयांची होती. कर्नाटक सीमेवरील ८६५ मराठी भाषक गावांनाही योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्येच झाला. मिरजेकडे येणाऱ्या सीमाभागातील रुग्णांच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा होय.

योजनेचे कार्य कसे चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे. अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नियुक्त केलेला असतो. रुग्णाची शिधापत्रिका व ओळखपत्र तपासून तो नोंदणी करतो. त्यानंतर रुग्णालय उपचारासाठी पूर्वपरवानगी मागते. परवानगी मिळाल्यावर ठरलेल्या दराने रक्कम थेट रुग्णालयास दिली जाते. त्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. मात्र रुग्णालय अंगीकृत असणे आणि आजार योजनेच्या यादीत असणे, या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. यादी वेळोवेळी बदलत असल्याने १५५३८८ अथवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर खात्री करून घ्यावी.

२) धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा : हा मार्ग सर्वांत कमी ज्ञात आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालविलेल्या रुग्णालयांना समाजाकडून व शासनाकडून सवलती मिळतात. त्या बदल्यात गरिबांवर उपचार करणे, हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक मध्ये ही तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीची योजना मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मंजूर केली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली.

या योजनेनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. सध्या निर्धन रुग्णासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये आहे. या उपचारांचा खर्च भागविण्यासाठी प्रत्येक रुग्णालयाने सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'च्या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते. म्हणजे सांगलीतील सधन रुग्ण जे बिल भरतो, त्यातील काही भाग गरीब रुग्णाच्या नावे आधीच बाजूला पडलेला असतो. तो मागणे म्हणजे याचना नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, दुर्बल घटकातील एका रुग्णास लागलेल्या औषधांची व साहित्याची छापील किंमत ४०,००० रुपये आहे आणि रुग्णालयास ती २६,००० रुपयांत मिळाली आहेत. बिलात २६,००० रुपये, म्हणजे खरेदी किंमतच लावली पाहिजे. त्यापैकी किमान निम्मी, म्हणजे १३,००० रुपये रुग्णाने भरावयाचे असतात. उर्वरित रक्कम निधीतून वळती होऊ शकते. रुग्ण निर्धन गटातील असेल, तर त्याने काहीच भरावयाचे नसते.

याच योजनेतील आणखी एक तरतूद प्राण वाचविणारी आहे. तातडीच्या अवस्थेतील रुग्णास धर्मादाय रुग्णालयाने त्वरित दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार केले पाहिजेत. अशा वेळी अनामत रक्कम मागता येत नाही.

३) मुख्यमंत्री सहाय्यता निधी : वरील दोन मार्गांनी उपचार होऊ शकत नसतील, तेव्हा हा मार्ग विचारात घ्यावा. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, तहसीलदारांनी दिलेला वार्षिक १,६०,००० रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र, शिधापत्रिका आणि निदानाचे अहवाल लागतात. अपघाताच्या प्रकरणी पोलिसांकडील नोंदीची प्रत जोडावी लागते. मंजूर रक्कम रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. पूर्वी या कामासाठी मंत्रालयापर्यंत धाव घ्यावी लागे. मे २०२५ पासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात या निधीचा कक्ष सुरू झाल्यामुळे जत किंवा शिराळ्याच्या नागरिकाची मुंबईची खेप टळली आहे.

४) विशिष्ट गटांसाठीचे मार्ग : कुपवाड व मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कामगारांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा कारखाना कायद्याच्या कक्षेत येतो, त्यांना राज्य कामगार विमा योजनेचे संरक्षण कुटुंबासह मिळते. १८ वर्षांखालील मुलांच्या जन्मजात हृदयविकारासारख्या व्याधींसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडी व शाळेतील तपासणी हे त्याचे प्रवेशद्वार होय. ७० वर्षांवरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्यात आले आहे.

५) शासकीय रुग्णालये : १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. सांगली व मिरज येथील मोठी शासकीय रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तेथे हा निर्णय आपोआप लागू होतो, असे समजू नये. तेथील शुल्क खाजगी रुग्णालयांच्या तुलनेत अत्यल्प असते आणि जन आरोग्य योजनेचा लाभही तेथे घेता येतो.

वेळेचे महत्त्व :

वरील सर्व मार्गांत एक समान सूत्र आढळते. जन आरोग्य योजनेत पूर्वपरवानगी लागते; निर्धन रुग्ण निधीतून बिलातच वजावट होते; मुख्यमंत्री सहाय्यता निधी अंदाजपत्रकावर मंजूर होतो आणि झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती करीत नाही. तात्पर्य, मदत ही बिल भरण्यापूर्वी मागावयाची असते. एकदा उसनवारी करून बिल भरले आणि रुग्ण घरी आला, की बहुतेक दरवाजे बंद होतात. अनेक पात्र कुटुंबे मदतीपासून वंचित राहतात, ती नियमांत बसत नाहीत म्हणून नव्हे, तर पावती हाती पडल्यावर चौकशी सुरू करतात म्हणून.

यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल. रुग्ण दाखल होताच, शक्य तर त्यापूर्वीच, रुग्णालय जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे काय आणि ते धर्मादाय आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असल्यास आरोग्यमित्रास आणि दुसऱ्याचे होकारार्थी असल्यास वैद्यकीय समाजसेवकास त्याच दिवशी भेटावे. रुग्णाजवळ एक नातेवाईक थांबला असता दुसऱ्याने तलाठी व तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळविण्यास लागावे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. धर्मादाय रुग्णालयाने नकार दिल्यास त्याचे कारण लेखी मागून सांगली येथील धर्मादाय कार्यालयाकडे तक्रार करता येते. रुग्ण दगावल्यास थकीत बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी स्पष्ट केले आहे.

मर्यादा :

या व्यवस्थेतील उणिवांचा उल्लेख न करणे योग्य ठरणार नाही. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. मधुमेह वा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, वारंवार करावे लागणारे बाह्यरुग्ण तपासण्यांचे खर्च, सोबतच्या माणसाचा प्रवास व जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या मजुराची कागदपत्रे गावातील पेटीत आणि आजारपण मात्र परक्या शिवारात, असे अनेकदा घडते. शिधापत्रिकेतील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांतील एका अक्षराचा फरकही नोंदणी अडवू शकतो. म्हणून घरात सर्व सुखरूप असतानाच कागदपत्रांची दुरुस्ती करून घेणे आणि त्यांच्या प्रती प्रवासात सोबत ठेवणे, हा या विषयातील सर्वांत स्वस्त उपाय होय.

समारोप :

सारांश, रुग्णालयाच्या खर्चासाठी मदतीचे मार्ग आज पूर्वीपेक्षा अधिक व्यापक झाले आहेत. शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली, विमा संरक्षण वाढले आणि निधीचा कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी आला. उणीव आहे ती ही माहिती योग्य घरात योग्य वेळी पोहोचण्याची. ग्रामसभा, महिला बचत गट, सहकारी सोसायट्या आणि साखर कारखाने यांचे दाट जाळे सांगली जिल्ह्यात आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या दत्तक गावांत प्रत्येक कुटुंबाच्या शिधापत्रिकेची व आधारपत्राची तपासणी करून देण्याचे काम हाती घेतल्यास, त्यातून एखाद्या घराची जमीन वाचू शकेल. कायद्याने दिलेला हक्क हा मागणाऱ्यालाच मिळतो आणि मागण्यासाठी तो आधी ठाऊक असावा लागतो.