खानदेशी ऊन आणि गाडीची बॅटरी

वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी संपली असं नव्हे. पण जळगाव-धुळ्यात तिच्याकडे लक्ष हवंच. डिसेंबरात पहाटे गाडी सुरू झाली नाही, की आपण थंडीला दोष देतो. खरं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, बॉनेटखाली त्याहून वर. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आतली शिशाची जाळी गंजते, पाणी उडतं. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी पडतो, घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते आणि उन्हाळ्यात झालेलं दुखणं बाहेर येतं.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे १२.६ दिसलं तर चार्ज पूर्ण. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा. पूर्ण चार्ज करूनही ती पुन्हा उतरत असेल, तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. मात्र इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळत नसतील, तर आधी अल्टरनेटर तपासा. नाहीतर नवी बॅटरीही बसेल.

झाकणं उघडणारी असतील तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांचा घात करतात.

आणि जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. शिसं विषारी आहे; ती दुकानदाराकडेच परत करा.