पक्षाघात ओळखू या, वेळ वाचवू या

"सकाळी उठल्यापासून डोके गरगरत होते, पित्त झाले असेल असे वाटले." "हात जड झाला होता, अवघडला असेल म्हणून तेल चोळले." पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या घरी अशी वाक्ये वारंवार ऐकू येतात. माया कमी पडलेली नसते; कमी पडते ती ओळख. म्हणूनच हा आजार कोणकोणत्या रूपांनी येतो, हे या लेखात आपण समजून घेऊ या.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. साठवण मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नाही. त्यामुळे रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात.

हे रक्त मानेतून चार मुख्य धमन्यांद्वारे वर जाते. दोन धमन्या मानेच्या पुढील भागातून, तर दोन पाठीमागून मणक्यांच्या छिद्रांतून जातात. मागच्या दोघी कवटीत शिरल्यावर एकत्र येतात. मेंदूच्या तळाशी पुढच्या व मागच्या धमन्यांच्या शाखा जुळून एक कडे तयार होते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. एक वाट हळूहळू अरुंद झाली, तर हे कडे काही वेळा दुसऱ्या वाटेने रक्त पोहोचवते. परंतु प्रत्येकाचे कडे पूर्ण असतेच असे नाही. आणि कड्याच्या पुढील शाखेत अचानक गुठळी अडकली, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कोणती शाखा बंद पडली, यावर लक्षणे अवलंबून असतात. सर्वाधिक वेळा बाधित होते ती मधली शाखा. तेव्हा चेहरा एका बाजूला ओघळतो, हाताची शक्ती जाते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करते आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. म्हणून उजवा हात लुळा पडलेल्या माणसाला पुष्कळदा शब्द सुचत नाहीत किंवा समोरच्याचे बोलणे कळत नाही. उजव्या मेंदूला इजा झाल्यास डावा हात दुबळा होतो. कधी कधी तर डावीकडचे जगच रुग्णाच्या ध्यानात येत नाही. ताटातील डाव्या बाजूचे अन्न तसेच राहते आणि 'मला काहीच झालेले नाही' असे तो ठामपणे सांगतो. त्याच्या या शब्दावर विसंबून राहू नये. पुढची शाखा बंद झाली, तर हातापेक्षा पाय अधिक दुबळा होतो.

खरी फसगत होते ती मागच्या धमन्यांच्या बाबतीत. येथे हातपाय चांगले हलत असू शकतात. एकाएकी भोवळ व उलट्या, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नजरेचा अर्धा भाग नाहीसा होणे, गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, चालताना तोल एका बाजूला जाणे, अशी ही लक्षणे असतात. प्रत्येक चक्कर म्हणजे पक्षाघात नव्हे. परंतु अचानक आलेल्या चक्करेबरोबर यांपैकी काही असेल, किंवा आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर 'पित्त' म्हणून थांबू नये.

घरी काय पाहावे? हसायला सांगावे, दोन्ही हात वर धरायला सांगावे, एक साधे वाक्य बोलायला सांगावे. तोल आणि नजर पाहावी. एकही गोष्ट अचानक बिघडलेली आढळली, तर घड्याळ पाहावे. रुग्ण पूर्णपणे ठीक असल्याचे शेवटी केव्हा पाहिले होते, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका लाभ अधिक. मोठ्या धमनीतील गुठळी नळीद्वारे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. पक्षाघात गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे मात्र सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तदाबाची जादा गोळी देऊ नये, पाणीही पाजू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे.

लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत ओसरली, तरी निश्चिंत होऊ नये. ती पुढील मोठ्या आघाताची सूचना असू शकते आणि त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

'जरा पडून राहा, सकाळी बघू' हे आपल्या घरांतले मायेचे वाक्य आहे. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र ते कधीही उच्चारू नये, एवढीच वाचकांना आमची कळकळीची विनंती.