जिताड्याची वाट

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखाजवळचे पाणी समुद्राइतकेच खारट असते, म्हणजे लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ. भरती तर मुखापासून जवळजवळ 50 किलोमीटर आतपर्यंत जाणवते. मग मृग आणि आर्द्रा कोसळतात, आणि महिन्या-दीड महिन्यात नदीत थोडे आत गेले की तेच पाणी जिभेला गोडे लागते. दर वर्षी होणारी ही उलथापालथ कोकण-गोव्याच्या खाड्यांतले मासे हजारो वर्षे सोसत आले आहेत. किंबहुना तिच्याच आधाराने ते अंडी घालतात, वाढतात, स्थलांतर करतात. म्हणून ‘वातावरण बदलले आणि खाडीतले मासे गेले’ हे वाक्य मला अपुरे वाटते. खाडीचा मासा बदलाला हरत नाही. बदलाचा ताल मोडला किंवा त्या बदलामागून ये-जा करण्याची वाट बंद झाली, की तो हरतो.

हे समजायला माशाच्या कल्ल्यांत डोकवावे लागते. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी बाहेरच्या खारटपणामुळे सतत ओढले जाते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात नेमके उलटे घडते: पाणी आपोआप अंगात शिरते, ते लघवीवाटे काढून टाकावे लागते आणि मीठ कल्ल्यांनी धरून ठेवावे लागते. बोय, काळुंदर, जिताडा यांना हे दोन्ही कारभार जमतात. पण कारभार पालटायला वेळ लागतो आणि ताकद खर्च होते. ती वाढीतून आणि अंड्यांतून वजा होते. ‘खाडीचे मासे चिवट, ते जुळवून घेतील’ असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च धरलेला नसतो. त्यात पाणी तापले की प्राणवायूही घटतो. 20 अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. उरलेल्यातला वाटा सांडपाणी कुजवणारे जिवाणू खातात. खारटपणा, उष्णता आणि घुसमट यांपैकी एकेक संकट मासा पेलतो. तिन्ही एकाच आठवड्यात आली तर नाही.

वाटेचे महत्त्व जिताड्याइतके स्पष्ट कोणी दाखवत नाही. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले मात्र आत सरकतात, कांदळवनात, ओहोळांत, पावसाळ्यात थेट खारभूमीच्या भातशेतापर्यंत. शेताच्या बांधाला रायगडात उघाडी असते, गोव्याच्या खाजणात मानस. दोन्ही म्हणजे झडपेची दारे, आणि रचना साधी आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की झडप मिटते. ओहोटीला आतले पाणी दाबते आणि झडप उघडते. फटींतून, किंवा शेतकऱ्याने मुद्दाम पाणी आत घेतले की त्याबरोबर, बोटभर पिल्ले शिरतात आणि तळ्यात वाढतात. झडप गंजून मिटलेलीच राहिली किंवा रस्त्याच्या भरावात पुरेसे नळे ठेवले नाहीत, तर खाडीचे पाणी कितीही स्वच्छ असो, त्या पिल्लांचे घर गेलेलेच असते.

आक्षेप येतो तो असा, की खरा दोष बारीक आसाच्या जाळ्यांचा आणि हावरट मासेमारीचा आहे. यात बरेच तथ्य आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. मोठे मासे उपसले की आधी माद्याच संपतात. पण सगळा दोष जाळ्यावर टाकणाऱ्यांनी ओडिशातले चिलिका सरोवर पाहावे. तिथे समुद्राकडे जाणारा जलमार्ग गाळाने भरत गेला, पाणी गोडे होत गेले, पाणवनस्पती माजल्या आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस मासळी वर्षाला दोन हजार टनांच्या खाली आली. सप्टेंबर 2000मध्ये वाळूचा पट्टा कापून नवे मुख उघडले, समुद्राची वाट सुमारे 18 किलोमीटरनी कमी झाली, आणि दोन वर्षांत मासळी दहा हजार टनांच्या वर गेली. मासेमारी काही थांबली नव्हती. बदलली ती वाट आणि तिच्यातून येणारे खारे पाणी. प्राणवायूचीही गोष्ट तशीच. लंडनच्या थेम्स नदीची खाडी 1957मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली. सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे सुधारून प्राणवायू परतला तेव्हा मासेही परतले, आणि आज तिथे शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

तरीही नुसते टन मोजून समाधान मानू नये. चिलापीने टोपल्या भरल्या तर वजन तेवढेच भरते, पण जिताडा, तांबोशी, मुडदुशी कमी झाल्याचे त्या आकड्यात उमटत नाही. कोण गेले आणि त्यांच्या जागी कोण आले, हे जातवार लिहायला हवे. शिवाय पाण्याचा ताल आता सगळीकडे निसर्गाचाच राहिलेला नाही. कोयना धरणाचे पाणी वीज तयार करून पश्चिमेला वाशिष्ठीत येते. पाणीवाटपात त्यासाठी ठरलेला आकडा वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी आहे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा कोकणातल्या इतर नद्या सुकतात, तेव्हा दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला गोडे पाणी मिळत राहते. तिथला ताल आता पावसाइतकाच वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चालतो, आणि मासळीची नोंद त्या वेळापत्रकाशेजारी ठेवूनच वाचायला हवी. पाण्याचे नमुनेही भर दुपारी घेऊन भागणार नाही. रात्रभर सगळे जीव श्वास घेतात, शेवाळ प्राणवायू देत नाही, म्हणून तो सर्वात कमी असतो पहाटे. आणि भांगाच्या दिवसांत भरती कमजोर असल्याने खाडीतले पाणी नीट पालटतही नाही. मे महिन्यातल्या भांगाच्या पहाटे, सूर्य उगवण्याआधी भरलेली बाटलीच मासे कशात जगतात ते खरे सांगेल.