पाण्यातली आसनं (लेखांक ९) : मांडी घातली की पाय बुडत नाहीत

कमरेएवढ्या पाण्यातलं वृक्षासन गेल्या आठवड्यात अर्ध्यावर राहिलं होतं. ते आज पुरं करायचं ठरलं होतं, पण आज ते होणार नाही. वाईहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. तो माझ्या इतका जिव्हाळ्याचा आहे की वृक्षासनाला थांबावंच लागेल.

पत्र लिहिणारे गृहस्थ कृष्णेच्या डोहात पोहायला शिकले. घाटावर रोज येणारे एक आजोबा पाण्यावर उताणे होत, पद्मासन घालत आणि हात जोडून जप करत पडून राहत. ते त्यांनी लहानपणी पाहिलं. स्वतः त्यांना मात्र आजही तरंगता येत नाही. छाती वर राहते, पण पाय हळूहळू खाली जातात आणि शेवटी ते पाण्यात उभेच होतात. त्यांचा प्रश्न असा : पाय मोकळे असताना मी बुडतो, मग पायांची गाठ मारल्यावर माणूस तरंगतो कसा?

पायांची गाठ मारल्यामुळेच तरंगतो. पाय ताणून उताणं पडणं ही तरंगण्याची सर्वांत अवघड रीत आहे आणि आपल्याकडे नवशिक्याला नेमकी तीच पहिल्यांदा शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

साठ किलोचा माणूस घ्या. त्याच्या दोन्ही पायांचं वजन सगळ्या शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे वीस किलोच्या आसपास. पाय म्हणजे हाडं आणि स्नायू, पाण्याहून थोडे जड. पाण्यानं उचलून धरल्यावरही या वीस किलोंतला साधारण एक किलो भार शिल्लक राहतो. ऐकायला हा किरकोळ वाटतो. पण तो धडापासून लांब, पायांच्या टोकापर्यंत पसरलेला असतो, आणि शरीराला वर ढकलणारी हवा सगळी छातीत. एकीकडे छाती वर येते, दुसरीकडे पाय खाली जातात आणि माणूस उभा होतो. मांडी घातली की तोच भार ओटीपोटाजवळ येतो. वजन कमी होत नाही, त्याचं अंतर कमी होतं, आणि फिरवणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय हात डोक्याच्या मागे पाण्यातच लांब केले तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकल्यासारखं होतं आणि उरलेला जोरही फिटतो.

वाईच्या आजोबांचे हात मात्र जोडलेले होते, म्हणजे त्यांनी ही सवलत घेतलीच नव्हती. कोपरापासूनचे हात पाण्याबाहेर असतील तर त्यांचं पूर्ण वजन बाकीच्या शरीराला तोलावं लागतं. मग श्वासावर त्यांचा ताबा किती असेल!

आता श्वासाकडे येऊ. छाती पूर्ण भरलेली असताना बहुतेक माणसं पाण्याहून किंचित हलकी असतात. साठ किलोच्या माणसाला दीड-दोन किलोचा आधार जास्तीचा मिळतो, तेवढाच. श्वास पूर्ण सोडला की बहुतेकजण गोड्या पाण्यात बुडतात. डोक्याचं वजन चार-पाच किलो. त्यामुळे तरंगताना डोकं उचलून पाय कुठे गेले ते बघायला गेलात की पाय गेलेच. कान पाण्यात, हनुवटी वर, छाती उचललेली. जमिनीवरच्या मत्स्यासनात आपण हेच करतो. या आसनात प्लाविनी प्राणायामाच्या जोडीनं पाण्यावर सहज तरंगता येतं, असं हृषीकेशच्या स्वामी शिवानंदांनी लिहून ठेवलं आहे.

प्लाविनीचं नाव निघालंच आहे, तर माझ्या मनातलं एक सांगतो. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत आठ कुंभक आहेत आणि त्यांतला शेवटचा प्लाविनी. घेरंडसंहितेतही कुंभक आठच, पण त्यांत प्लाविनी नाही. हठप्रदीपिका सांगते की वाऱ्यानं पोट भरलेला साधक खोल पाण्यावरही कमळाच्या पानासारखा सुखानं तरंगतो. इथे हवा पोटात आहे, आणि पोहणाऱ्याच्या नजरेनं मला हे फार मोलाचं वाटतं. छातीतली हवा शरीराचं वरचं टोक उचलते. पोटातली हवा तिच्या खाली, पायांच्या बाजूला असते, म्हणजे नेमकी जिथे आधार कमी पडतो तिथे. गिळलेली लिटरभर हवा किलोभर आधार देते आणि पायांचा उरलेला भारही किलोभरच. ही जुळणी पाहिल्यापासून मी प्लाविनीला कल्पनाविलास म्हणायचं सोडून दिलं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि उड्डियान-नौली क्ष-किरणांनी, दाबमापकानं तपासून पाहिली. प्लाविनीचीही अशीच तपासणी कुणीतरी पाण्यात उतरून करावी, असं मला फार वाटतं. हवा गिळण्याचा प्रयोग मात्र पुस्तक वाचून घरी करू नका. पोट फुगतं, उलटी होते.

समुद्राचं पाणी घनतेनं सुमारे अडीच टक्के जास्त. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तिथे दीड किलो आधार फुकट मिळतो. मालवणला पाय वर राहतात आणि पुण्याच्या तलावात राहत नाहीत, ते यामुळे. बायकांना हे पुरुषांपेक्षा लवकर जमतं, कारण मांड्यांवरची चरबी पाण्याहून हलकी असते.

करून पाहायचं असेल तर छातीएवढ्या पाण्यात, आधी चार फेऱ्या पोहून अंग गरम झाल्यावर. आपल्या तलावांतलं पाणी निश्चल पडून राहणाऱ्याला लवकर गारठवतं आणि दुमडलेल्या पायाला पेटका येतो. सोबत्यानं डोक्याशी उभं राहून दोन्ही तळवे तुमच्या पाठीखाली धरावेत. उताणे व्हा, हात डोक्यामागे न्या, गुडघे बाहेर सोडून तळपायाला तळपाय लावा. हे पाण्यातलं बद्धकोनासन. श्वास निम्मा सोडायचा आणि लगेच भरून घ्यायचा. छाती रिकामी होऊ द्यायची नाही. पाय वर राहिले की सोबती हळूच हात काढील. उभं राहायच्या आधी पाय सोडवायचे, नंतर गुडघे छातीशी घ्यायचे.

जास्त वेळ तरंगता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घेणं हा जिवावरचा खेळ आहे. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि श्वास घ्यावासा वाटणंच लांबतं. प्राणवायू मात्र तोवर संपत आलेला असतो. माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो, आणि पद्मासनात असेल तर त्याला पाय मारून वरही येता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला जमिनीवर दहा मिनिटं सुखानं पद्मासनात बसता येत नाही त्यानं ते पाण्यात घालू नये, आणि ज्याला येतं त्यानंही एकट्यानं घालू नये. बद्धकोनासनातही पाय जवळपास तेवढेच वर राहतात, आणि अडचण आली तर क्षणात सुटतात. वृक्षासन पुढच्या रविवारी.